जिथे सगळेच नवखे असतात

"तिकडे करमतं का गं?" फोनवर कुणी ना कुणी हे विचारतंच. मी कामाचं सांगते, थंडीचं सांगते, दुपारीच काळोख पडतो हे सांगते आणि विषय पुढे जातो. खरं उत्तर फोनवर सांगण्याइतकं छोटं नाही, म्हणून इथे लिहिते. मला करमतं, कारण मी वाचते. आणि बहुतेक वेळा जे वाचते ते या जगातलं नसतंच. दुसऱ्या ग्रहांवरच्या वसाहती, हजारो वर्षं चाललेली राज्यं, मंत्रविद्येच्या शाळा, बोलणारे ड्रॅगन. विज्ञानकथा आणि फँटसी.

परदेशात राहण्याचा खरा शीण कामाचा नसतो, तो सतत काहीतरी माहीत नसण्याचा असतो. मीटिंगमध्ये सगळे एकदम हसतात, कारण कुणीतरी त्यांच्या लहानपणच्या एखाद्या मालिकेतलं वाक्य म्हटलेलं असतं. शेजारीण "ये की एकदा घरी" म्हणते, ते खरोखरचं आमंत्रण की नुसतं म्हणायचं म्हणून, याचा विचार जिना चढेपर्यंत चालतो. भाषा येते, कामही येतं, पण इथे वाढलेल्या माणसाला जे न सांगता कळतं, ते आपल्याला दर वेळी ताडून पाहावं लागतं. कितीही वर्षं झाली तरी त्यातलं थोडं उरतंच.

आता फँटसीचं पहिलं पान उघडा. आधी एक नकाशा. वर कुठेतरी बर्फाचे डोंगर, मधून वाहणारी नदी, किनाऱ्यावर उच्चारही न जमणारी नावं. मग गोष्ट थेट मधूनच सुरू होते. कुणीतरी तिसरा चंद्र उगवायच्या आत गावाच्या वेशीपाशी पोचायचं म्हणून घाईत आहे. चंद्र तीन का, वेशीपाशी काय आहे, उशीर झाला तर काय होईल, यातलं काहीही लेखक सांगत नाही. वाचकाने कळ काढायची. आणि इथे कुणालाच काही माहीत नसतं! या देशात जन्मलेल्यालाही नाही, मलाही नाही. माझ्या टीममधला एकजण आणि मी एकदा एकच जाडजूड मालिका वाचत होतो. आगगाडीत तो शेजारी बसला होता आणि त्यानेही माझ्यासारखंच नकाशाच्या पानात बोट अडकवून ठेवलं होतं, दर दोन पानांनी मागे जात होता. कोणतं घराणं कुणाचं वैरी, हे त्याने मला विचारलं. मला माहीत होतं. या देशात एखादी गोष्ट मी इथल्याच माणसाला समजावून सांगते आहे, हे सुख मला त्या पुस्तकाने दिलं.

घरच्या काही वडीलधाऱ्यांना हे वाचन म्हणजे वास्तवापासून पळणं वाटतं. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर जे व्याख्यान दिलं, त्याची मला फार सोबत वाटते. त्यांचं म्हणणं असं की तुरुंगात अडकलेला माणूस बाहेर पडून घरी जायचा प्रयत्न करत असेल, तर त्याला आपण नावं का ठेवावीत? आणि बाहेर पडता येत नसेल, तर त्याने पहारेकरी आणि भिंती सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलूच नये का? कैद्याचं निसटणं वेगळं आणि रणांगणातून पळून जाणं वेगळं, टीकाकार या दोन्हींची गल्लत करतात. हे सांगणारा माणूस १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत खंदकात होता, तिथे आजारी पडून परत आला आणि त्या आजारपणाच्या काळातच आपल्या कल्पित जगाच्या पहिल्या गोष्टी लिहू लागला. वास्तव काय असतं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ज्या एका पुस्तकाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते अमेरिकी लेखिका उर्सुला ल ग्विन यांचं 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस', १९६९ सालचं. अनेक जगांच्या संघाचा दूत, जेन्ली आय, एका गोठलेल्या ग्रहावर येतो. एकटाच. संघाची पद्धतच तशी आहे. पहिला दूत एकटा पाठवायचा, कारण एकट्या माणसाची कुणाला भीती वाटत नाही. त्या ग्रहावर मानमरातबाचे असे काही नियम आहेत जे कुणी उघड बोलून दाखवत नाही. कधी आपण कुणाचा मान राखला आणि कधी दुखावलं, हे जेन्लीला उमगत नाही. जो त्याचं खरंच भलं पाहतो त्याच्यावर तो संशय घेत राहतो, कारण त्या माणसाची मदत करण्याची रीत त्याच्या ओळखीची नाही. पुढे हे दोघं बर्फाच्या अफाट पठारावरून कित्येक आठवडे स्लेज ओढत जातात आणि रात्री एका तंबूत झोपतात. तिथे हळूहळू त्यांना एकमेकांचं बोलणं खऱ्या अर्थाने कळू लागतं. ती पानं वाचताना मला शेजारीण आठवली. तिच्या त्या आमंत्रणाला मी पुढच्या आठवड्यात सरळ हो म्हणाले, आणि ते खरंच आमंत्रण होतं.

ल ग्विन यांच्या या विश्वात आणखी एक गोष्ट आहे, जिच्यापाशी मी दर वेळी थांबते. तिथे अ‍ॅन्सिबल नावाचं एक यंत्र असतं. कितीही प्रकाशवर्षांचं अंतर असलं तरी त्यावरून निरोप त्या क्षणी पोचतो. माणसांनी भरलेलं यान मात्र प्रकाशाच्या वेगापुढे जाऊ शकत नाही. शब्द लगेच जातात, देह जात नाही. हे यंत्र त्यांच्या कादंबरीत १९६६ मध्येच आलं होतं. रविवारी सकाळी फोनच्या पडद्यावर आई दिसते, चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल डोळ्यांजवळ धरते, मागे पंखा फिरताना दिसतो, आवाज स्वच्छ येतो आणि तिला ताप आहे हे मला त्याच मिनिटाला कळतं. तिच्या कपाळावर हात ठेवायला मात्र मला विमानाचं तिकीट, रजा आणि जवळजवळ अख्खा दिवस लागतो. माझ्या आयुष्याचं इतकं नेमकं वर्णन वास्तववादी म्हणवणाऱ्या कुठल्या कादंबरीत मला मिळालं नव्हतं.

काळाचंही तेच. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव होतं ते, म्हणजे मोठ्या शास्त्रज्ञाच्या नावाकडे पाहून कुणी बक्षीस द्यायला नको. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मराठी विज्ञानकथेला एक खंदा लेखक मिळाला. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा मी त्यांच्या कथा पुन्हा काढून बसले. प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ संथ चालतो, म्हणजे कृष्णविवराच्या आसपास जाऊन आलेला माणूस परततो तेव्हा त्याच्यापेक्षा इथल्यांची वर्षं जास्त सरलेली असतात. हे भौतिकशास्त्र आहे. फोनला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांच्या घड्याळांतसुद्धा अशी दुरुस्ती करावी लागते. पण दोन वर्षांनी विमानतळाबाहेर उभे असलेले बाबा एकदम वाकलेले दिसतात, तेव्हा मला त्यामागचं गणित लागत नाही. विज्ञानकथेत ते आधी वाचून ठेवलेलं असतं, एवढंच. त्यामुळे धक्का कमी होत नाही, पण तो ओळखीचा होतो.

या लेखनाचा आणि घरापासून लांब असण्याचा काहीतरी जुना संबंध असावा. मेरी शेली 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला लागली ती १८१६ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडपासून दूर जिनिव्हाच्या सरोवराकाठी. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यामुळे त्या साली उन्हाळा उन्हाळ्यासारखा राहिलाच नव्हता, सारखा पाऊस, म्हणून मंडळी घरात बसून भुताच्या गोष्टी रचत होती. विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉव्ह तीन वर्षांचा असताना रशियातून अमेरिकेत आला आणि वडिलांच्या दुकानात विकायला येणारी मासिकं वाचत वाढला. दुसरे विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क अर्ध्याहून अधिक आयुष्य श्रीलंकेत राहिले. आणि नारळीकरांचीही केंब्रिजमधली वर्षं आहेतच.

मी कधी काय वाचते याचाही एक अंदाज आता बसला आहे. डोकं शाबूत असेल तर विज्ञानकथा, कारण ती प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट पाहायला लावते. दिवसभर परक्या भाषेत बोलून जीभ जड झालेली असेल तर फँटसी, आणि तीही आधी वाचलेली. तिथल्या वाटा पाठ असतात, कुठल्या वळणावर कोण भेटणार ते ठाऊक असतं. या देशात मला न चुकता रस्ता सापडेल अशी जागा पहिल्यांदा मिळाली ती एका न अस्तित्वात असलेल्या राज्यात. गावातल्या रस्त्यांची सवय त्यानंतर झाली.

एक कमी मात्र जाणवते. विज्ञानकथा मला मराठीत मिळते, नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे घरून आणलेल्या पेटीत आहेतच. पण पहिल्या पानावर नकाशा असलेली, पूर्णपणे कल्पित जगात घडणारी, तीन-चार खंडांची मराठी फँटसी मला हवी तेवढी मिळत नाही. ज्या भाषेत मी स्वप्नं पाहते त्याच भाषेत तिसरा चंद्र उगवलेला मला वाचायचा आहे. तुमच्या पाहण्यात असं काही असेल, किंवा तुम्हीच लिहीत असाल आणि कच्चा खर्डा वाचायला कुणी हवं असेल, तर मला नक्की सांगा. मी सगळे खंड वाचेन.