‘मी आलो’ म्हटलं की बिंग फुटतं

चॅटकथा म्हणजे मेसेजांमधून उलगडणारी गोष्ट. तिच्यात बोलणारा बाप्या की बाई हे लपवायचं, तर भाषेची साथ लागते. इंडोनेशियन भाषेत ‘दिया’ म्हणजे तोही आणि तीही. क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. ऑनलाइन कुणालाही ‘काक’ म्हणून हाक मारता येते, समोर दादा असो की ताई. (आपल्याला कावळा आठवतो, ते सोडा.) खोट्या प्रोफाइलची निम्मी लपवाछपवी तिथं भाषाच करते. २०१९ साली ट्विटरवर गाजलेली ‘केकेएन दी देसा पेनारी’ ही भुताची गोष्ट घ्या. केकेएन म्हणजे आपल्या एनएसएस शिबिरासारखं, विद्यार्थ्यांनी खेड्यात राहून करायचं काम. लिहिणारा ‘सिंपलमॅन’ या नावाआड. एकच प्रसंग आधी विद्याच्या, मग नूरच्या बाजूनं. गाव नेमकं कोणतं, हे वाचकच शोधत बसले.

असली चॅटकथा लातूरच्या बोलीत लिहायला घ्या, पहिल्याच ओळीत घात होतो. ‘यायलो’ लिहिलं की बाप्या, ‘यायले’ लिहिलं की बाई. लपायचं असेल तर सकर्मक भूतकाळ धरा. ‘मी फोटो टाकला’, ‘मी मेसेज वाचला’ यात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, बोलणारा झाकलेला राहतो. पण ‘म्हणालो’, ‘विसरलो’, ‘भेटलो’ इथं फसगत होते. तिथं ‘म्हटलं’, ‘ध्यानात राहिलं नाही’, ‘भेट झाली’ असं वळवा. ‘घाबरलो’ऐवजी ‘भ्या वाटलं’, हे तर बोलीत जास्तच शोभतं. भविष्यकाळातलं ‘येईन’ सुरक्षित आहे खरं, पण चॅटमध्ये पुस्तकी वाटतं. लोक ‘येतो की’ म्हणतात. ‘आम्ही आलो’नं लिंग लपतं, मात्र एकट्यानं म्हटलं तर पाटीलकी वाटते.

निवेदनात तो-ती टाळायला हँडलचं नाव वापरा. समजा हँडल ‘मांजराकाठ’ (मांजरा ही लातूरकडची नदी), तर लिहा: ‘मांजराकाठनं लाइक केलं’. ‘नं’ लागला की निभावतं. मात्र दर ओळीला तेच आलं तर पंचनामा वाचल्यासारखं होतं. दोन-तीन ओळींत एकदा पुरे, मधे नुसते मेसेज ठेवा.

सगळ्यात अवघड समोरच्याचा प्रश्न. ‘काय करायलास?’ विचारलं की लिंग ठरलंच. ते टाळू नका, वापरा. एक जण ‘करायलास’ विचारील, दुसरी ‘करायलीस’. मांजराकाठनं दोघांनाही एकच उत्तर द्यायचं: ‘काई नाई, चहा ठेवलाय.’