परसातलं तळं: जाळी बसली, आता मुलांना बोलावतेय

सांगलीतल्या आमच्या तळ्याची या खेपेची नोंद बहुतेक जाळीचीच आहे. घरात लहान पोरं येत-जात असतील तर कमळं-मासे नंतर, जाळी आधी, असं माझं ठाम मत आहे. नुकतं चालायला लागलेलं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि तेही गुपचूप. आरडाओरडा ऐकू येईल या भरवशावर कुणीच राहू नये.

तळं सहा फूट बाय चार, खोली दीड फूट. आत तासगावच्या दादाच्या शेततळ्यातून उरलेला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरलाय. द्राक्षपट्ट्यात हा कागद ओळखीचा, आणि त्याचा धोकाही: ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. शेततळ्यात पडलेल्या धडधाकट माणसालाही वर येणं म्हणूनच अवघड जातं. आम्ही एका बाजूला खडबडीत दगडांची रुंद पायरी रचली. बेडूक-खारींनाही तीच वाट.

फॅब्रिकेटर सहा इंची चौकोन देत होता. "ताई, एवढं दाट कशाला?" सहा इंचांत मुलाचा पाय जातो, डोकं अडकू शकतं. ८ मिमीची सळई आणि तीन इंची चौकोन यावर मी हटून बसले. मधे अँगलचा आधार आहे, देखभालीच्या झाकणाला कुलूप. जाळी पाण्याच्या वर दोन बोटं हवी, खाली नाही. पावसात पाणी जाळीवर चढलं तर जाळी असून नसल्यासारखीच. त्यासाठी तिच्या खालीच सांडव्याचा पाइप काढून पाणी कर्दळीकडे वळवलंय. आम्ही दोघं मोठी माणसं जाळीवर एकदम उभी राहिलो. ती वाकली नाही.

कडेची कण्हेर काढली, विषारी आहे. पाणकणीसही नको, त्याची मुळं कागद फोडतात. त्याऐवजी कुमुद आणि वेखंड. पंप १२ व्होल्टचा, ट्रान्सफॉर्मर घरात.

आता मजेचा भाग. पंपाचं पाणी दगडगोट्यांच्या उथळ पन्हाळीतून वाहतं आणि जाळीखाली उतरतं. गोट्यांवर पाणी साचत नाही, पण पिंपळाच्या पानाची होडी मस्त पळते. भाचरं तासन्‌तास तिथेच! पालथं पडून बघायला काठावर एक रुंद फळी टाकलीय. काठीला बांधलेल्या चहाच्या गाळणीनं पाणी काढायचं, पांढऱ्या ताटलीत ओतायचं, भिंगातून बघायचं. चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात, हे त्यांनी स्वतः पाहिलं. बेडकाच्या पिल्लाला मागचे पाय आधी फुटतात, यावर दोघांची पैज लागलीय.

गप्पी मासे मुद्दाम सोडले नाहीत. ते बेडकांची अगदी लहान पिल्लंही खातात. ज्यांनी सोडलेत त्यांना कळकळीची विनंती, ते ओढ्यात किंवा कृष्णेत जाऊ देऊ नका, ते इथले नाहीत.

जाळी असली तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. खेळ झाला की ताटल्या-बादल्या पालथ्या, हात साबणानं स्वच्छ.

राहिलेलं काम: सळईच्या जोडांवर गंज दिसू लागलाय. माशा-बेडकांना बाधणार नाही असा रंग कुणी वापरलाय का? जाळी काढून रंगवायची, आणि तो वाळेपर्यंत तळं रिकामं ठेवायचं ठरलंय.