दुसरं जीटीएक्स १०७० घेण्याआधी

एनव्हिडियाचं जुनं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०७० आता सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतं. मग अनेकांना वाटतं, एक आहेच, त्याच्या जोडीला दुसरं लावलं की भागेल. भागत नाही.

एसएलआयमध्ये, म्हणजे दोन कार्डं जोडून चालवण्याच्या एनव्हिडियाच्या पद्धतीत, दोन्ही कार्डं आळीपाळीने फ्रेम (पडद्यावरचं एकेक चित्र) काढतात. त्यामुळे गेमचा डेटा दोघांच्याही मेमरीत वेगवेगळा ठेवावा लागतो. ८ अधिक ८ मिळून १६ जीबी होत नाहीत, गेमला ८च मिळतात. मेमरी कमी पडून अडखळणारा गेम दोन कार्डांवरही तसाच अडखळतो. शिवाय आजचे बहुतेक गेम टीएएसाठी, म्हणजे चित्रातल्या कडा गुळगुळीत करण्यासाठी, मागच्या फ्रेमचा आधार घेतात. ती फ्रेम दुसऱ्या कार्डावर असली की ती आणण्यातच वाचलेला वेळ जातो. मायक्रोस्टटर, म्हणजे फ्रेम असमान अंतराने येणं, तर सगळ्यांत वाईट. फ्रेममधलं अंतर ६, १६, ६, १६ मिलिसेकंद पडलं, तर काउंटर ९० एफपीएस (सेकंदाला फ्रेम) दाखवतो आणि डोळ्यांना जेमतेम ६० जाणवतात.

एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१पासून आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नवे एसएलआय प्रोफाइल, म्हणजे प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये असणारी एसएलआयची सेटिंग, देणं बंद केलं. डीएक्स १२ आणि व्हल्कन या नव्या ग्राफिक्स प्रणालींमध्ये दोन कार्डं वापरण्याची जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर आहे आणि फार थोड्यांनी ती घेतली. गेममध्ये सोय नसली की दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं.

मदरबोर्डही पाहा. एसएलआयला दोन्ही स्लॉटवर किमान ८ लेन (डेटा जाण्याचे मार्ग) लागतात. बहुतेक बी४५० चिपसेटच्या बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट दिसतो १६ लेनचा, पण असतो ४ लेनचा. जीटीएक्स १०६०ला तर दोन कार्डं जोडणाऱ्या ब्रिजची जागाच नाही.

दोन १०७० मिळून ३०० वॉट घेतात आणि वरच्या कार्डाला खालच्याची गरम हवा ओढावी लागते. एकटं आरटीएक्स ४०७० २०० वॉटमध्ये एका १०७०च्या दुपटीहून जास्त वेग देतं, मेमरी १२ जीबी. माझं मत स्पष्ट आहे: पैसे साठवा आणि एकच चांगलं कार्ड घ्या.

मात्र त्याआधी प्रोसेसर तपासा. गेममध्ये रिझोल्यूशन कमी करूनही एफपीएस वाढत नसतील, तर अडथळा कार्डाचा नाही. एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) ६५० वॉटचा हवा. कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावते का, ते टेपने मोजा, पुढचे पंखे धरून. जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रॅमने काढा, मग कार्ड बदला. १६ पिनांचा कनेक्टर असेल तर शेवटपर्यंत दाबून बसवा आणि तोंडापाशीच वायर वाकवू नका. अर्धवट बसलेला कनेक्टर तापून वितळतो.

जुनं १०७० विकायचं नसेल, तर त्याचा एक खरा उपयोग आहे. लॉसलेस स्केलिंग या प्रोग्रॅममध्ये नवं कार्ड गेम काढतं आणि जुनं मधल्या फ्रेम तयार करतं. त्यासाठी मॉनिटरची केबल जुन्या कार्डाला जोडावी लागते आणि विंडोज ११च्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेमसाठी नवं कार्ड निवडावं लागतं.