शस्त्रक्रियेआधीचे ते दोन आठवडे

अ‍ॅड्रीनल ग्रंथीत गाठ निघाली की घरच्यांचा पहिला प्रश्न ‘ऑपरेशन कधी?’ हाच असतो, आणि ताईच्या वेळी आम्हीही तोच विचारला. डोके ठणकणे, दरदरून घाम फुटणे आणि छातीत धडधडणे असे झटके तिला येत असत. पण नागपूरच्या मे महिन्यात या सगळ्याचे खापर उन्हावर फुटते आणि रुग्णाच्या हाती पन्ह्याचा पेला येतो. सीटी स्कॅनमध्ये उजव्या मूत्रपिंडाच्या वर असलेल्या या ग्रंथीत गाठ दिसली. रामदासपेठेतल्या सर्जननी मात्र तारीख न देता आधी चोवीस तासांची लघवी जमवून मेटानेफ्रिनची, म्हणजे या ग्रंथीच्या संप्रेरकांपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थांची, तपासणी करायला सांगितली. निदान झाले फिओक्रोमोसायटोमाचे, म्हणजे अ‍ॅड्रीनलिनसारखी संप्रेरके बेसुमार सोडणाऱ्या गाठीचे.

अशा गाठीला तयारीविना हात लावला तर ती संप्रेरके एकदम रक्तात उतरतात आणि रक्तदाब जीवघेणा उसळू शकतो. म्हणून साधारण दहा ते चौदा दिवस अल्फा-ब्लॉकर गोळ्या देऊन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या जातात. धडधड थांबवणारे बीटा-ब्लॉकर त्यानंतरच देतात, कारण क्रम उलटला तर रक्तदाब आणखी चढण्याचा धोका असतो. सैल झालेल्या रक्तवाहिन्या भरण्यासाठी पाणी आणि मीठही वाढवतात. रक्तदाबाच्या रुग्णाला वरणात जास्त मीठ घालायचे, हे आईला काही केल्या पटेना! ताईचे नाक चोंदू लागले, उठताना चक्कर येऊ लागली. औषध लागू पडल्याची ती खूण असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. रोज बसून आणि उभे राहून रक्तदाब मोजायचा आणि वहीत लिहायचा, हे काम माझ्याकडे होते.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. सर्जन मिशेल गान्ये आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आज बहुतेक लहान गाठींसाठी रूढ आहे. उजवीकडच्या ग्रंथीतून रक्त वाहून नेणारी शीर आखूड असते आणि थेट महाशिरेत उघडते, त्यामुळे ती बांधणे हे सर्वांत नाजूक काम. ती बांधल्यावर रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून भूलतज्ज्ञाला चढ आणि उतार दोन्हींसाठी सज्ज राहावे लागते. माझ्या मते या शस्त्रक्रियेत त्यांचा वाटा सर्जनइतकाच मोठा आहे.

नंतरचा दिवस अतिदक्षता विभागात गेला, कारण साखरही अचानक उतरू शकते. आता दरवर्षी मेटानेफ्रिनची तपासणी करायची आहे. शिवाय या गाठींपैकी जवळपास एक तृतीयांश आनुवंशिक असल्याने ताईची जनुकीय चाचणी पाठवली आहे. तिच्यात दोष आढळला तर आम्हा भावंडांनाही तपासून घ्यावे लागेल.