तुम्ही विचारलंत म्हणून: “मग तिथून जात का नाही?”

माझा मेहुणा दर मे महिन्यात पुण्याहून आंब्याची पेटी घेऊन येतो आणि पेटी खाली ठेवायच्या आधी विचारतो, “काय भाऊजी, अजून इथंच?” बायकोच्या भिशीतल्या बायकाही तेच विचारतात. २०२४ पासून तर हा प्रश्न ‘कसे आहात’ च्या जागीच येऊन बसलाय. दरवेळी मी हसून विषय पाण्याच्या टँकरवर नेतो. आज एकदा सरळ उत्तर देतो.

मी डोंबिवलीत राहतो, एमआयडीसीच्या निवासी विभागात, तिसऱ्या मजल्यावर. गच्चीत गेलं की कारखान्यांच्या चिमण्या दिसतात, चहूकडे नाही, पण पुरेशा. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला होता. २०२० मध्ये इथला एक रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री येऊन बघून गेले. या दोन गोष्टी बाहेरच्या लोकांना फार आवडतात. त्यावर विनोदही बरे होतात, मीही केलेत. रात्री अडीच वाजता नाकात काहीतरी झोंबून जाग येते आणि बायको उठून खिडक्या लावते, त्यावर विनोद होत नाही.

आता एक कबुली आधीच देतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला मी कोण ते कळेल. मी काही नुसता शेजारी नाही. तीस वर्षं याच वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटीच्या लॅबमध्ये काढली. घर इथे घेतलं कारण सायकलने दहा मिनिटांत फर्स्ट शिफ्टला पोचता यायचं, आणि स्टेशनजवळच्या जागेचे भाव तेव्हाही माझ्या पगारात बसत नव्हते.

२६ मे २०१६, बारा वाजायला पंधरा-वीस मिनिटं होती. मी लॅबमध्ये होतो. आधी जमीन हलली, मग आवाज. आम्ही सगळे बाहेर धावलो आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर आमच्या प्लँटकडे बघितलं. आपलं शेड जागेवर आहे, धूर दुसरीकडे आहे, हे दिसल्यावर आमच्यातला एकजण चक्क म्हणाला, “आपला नाही.” आणि आम्हाला हायसं वाटलं. दुसऱ्या एका केमिकल कारखान्यात स्फोट झाला होता. त्या दिवशी बारा माणसं गेली. दोनशेच्या आसपास जखमी झाली, त्यांतली कितीतरी तर रस्त्यावरून जाणारी किंवा घरात बसलेली. मे महिन्याची सुट्टी होती म्हणून शाळा रिकाम्या होत्या, एवढंच काय ते नशीब. आमच्या घरी अकरा तावदानं फुटली. बायको स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. हॉलमध्ये सोफ्याच्या पाठीत काचेचा तुकडा उभा रुतला होता, तो मी बराच काळ कपाटात ठेवला होता. पंचनामा झाला. काचा मोजल्या, सही घेतली, कागद गेला. पुढे त्या कागदाचं काय झालं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि भरपाईचा एक रुपयाही आला नाही. काचवाल्याकडे मात्र तीन आठवड्यांची रांग होती.

२३ मे २०२४ ला मी निवृत्त होतो. जेवून आडवा झालो होतो, दीड वाजून गेला होता. पुन्हा तोच आवाज, पुन्हा मेच. या खेपेला कामगार इतके भाजले होते की काहींची ओळख डीएनए तपासून पटवावी लागली. संध्याकाळपर्यंत सगळ्या चॅनेलवर ‘बॉयलर फुटला’. मग कळलं, बॉयलर नव्हे, रिअॅक्टर. तुम्हाला हा फरक शब्दाचा वाटेल. आम्हाला वाटत नाही. बॉयलरसाठी १९२३ पासून वेगळा कायदा आहे, वेगळं खातं आहे, दरवर्षी तपासून सर्टिफिकेट मिळतं. रिअॅक्टर म्हणजे रसायनं शिजवायचं बंद भांडं. ते त्या खात्याकडे येतच नाही. त्याला बाहेरून जॅकेट, म्हणजे दुसरं कवच असतं, त्यात थंड ब्राइन, म्हणजे मिठाचं पाणी फिरतं, आणि आतली रिअॅक्शन तापत गेली की त्या ब्राइनवरच सगळ्यांचा जीव. पंप बंद पडला, भांड्यात माल घाईत ओतला, की बॅच हातातून सुटते. पेरॉक्साइडसारखा स्फोटक माल असला तर सावरायला मिनिटंही मिळत नाहीत. म्हणून स्फोटानंतर पहिले दोन दिवस ‘हे कुणाच्या अखत्यारीत’ यातच जातात. बाष्पके, म्हणजे बॉयलरचं खातं वेगळं, औद्योगिक सुरक्षा संचालनालय वेगळं, प्रदूषण मंडळ वेगळं, एमआयडीसी वेगळी, महापालिका वेगळी. त्यात आमच्या बाजूची २७ गावं २००२ मध्ये पालिकेतून बाहेर काढली आणि २०१५ मध्ये परत आत घेतली. मधल्या काळात कुणी कुणाच्या परवानगीने काय बांधलं, हे शोधायला एक जन्म पुरणार नाही.

मग येतो मेहुण्याचा हुकमाचा पत्ता. “पण भाऊजी, कारखाने आधी होते ना? तुम्हीच नंतर जाऊन राहिलात!”

खरं आहे. पण निवासी विभाग काही आम्ही रातोरात झोपड्या टाकून केलेला नाही. ज्या नकाशात कारखान्यांचे प्लॉट, त्याच नकाशात घरांचे. ज्या महामंडळाने इथे रसायन चालेल म्हणून ठरवलं, त्यानेच पलीकडे बंगले, शाळा, दवाखाना चालेल असंही ठरवलं. मधली मोकळी जागा मोकळी ठेवायची, हे तर माझ्या हातात कधीच नव्हतं.

आणि कायद्याचं म्हणाल, तर हा पत्ता फार जुना आहे. इंग्लंडात १८६८ साली एक निकाल लागला: धोक्याची वस्तू आपल्या जागेत आणून ठेवली आणि ती सुटली, तर नुकसान तुमच्या माथी. पण त्याला पळवाटा होत्या. देवाची करणी, तिसऱ्याच माणसाचा खोडसाळपणा, नुकसान झालेल्याचीच चूक, वगैरे. आपल्याकडे ४ डिसेंबर १९८५ ला, भोपाळच्या वायुगळतीला जेमतेम वर्ष होत असताना, दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्या खटल्यात सरन्यायाधीश भगवतींच्या खंडपीठाने १९८६ च्या डिसेंबरात या सगळ्या पळवाटा बुजवल्या. धोकादायक धंदा करून नफा कमावता ना, मग अपघाताची जबाबदारी पूर्ण तुमची, काळजी घेतली होती ही सबबही चालणार नाही. भरपाईही कंपनीच्या ऐपतीच्या प्रमाणात. वाचायला इतकं छान वाटतं की मी ते लॅमिनेट करून घ्यायच्या बेतात होतो.

पण कोर्टाची ती ओळ आणि माणसाच्या हातात पडणारा चेक यांच्यामध्ये बरंच काही असतं. १९८९ मध्ये भोपाळचा सगळा हिशेब ४७ कोटी डॉलरमध्ये मिटवला गेला. २०१० मध्ये तिथल्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी जामीन. १९९१ मध्ये अशा अपघातांसाठी सक्तीच्या विम्याचा कायदा आला, त्यात मृत्यूची तातडीची भरपाई धरली होती २५,००० रुपये. 

तरीही पैसे हा माझा खरा मुद्दा नाही. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात एक कलम घातलं गेलं, ४१ ब. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. धोकादायक माल हाताळणाऱ्या कारखान्याने कामगारांनाच नव्हे, आजूबाजूला राहणाऱ्या लोकांनाही सांगायचं: आमच्याकडे काय आहे, त्यातून काय होऊ शकतं, आणि झालं तर तुम्ही काय करायचं. दोन वर्षांनी आलेल्या नियमांत मॉक ड्रिल, म्हणजे अपघाताची रंगीत तालीमसुद्धा घातली. कारखान्याच्या आत दर सहा महिन्यांनी, आणि कुंपणाबाहेरच्या वस्तीसाठी वर्षातून एकदा तरी.

इतकी वर्षं इथे काढली, माझ्या दारात असा कागद घेऊन कुणी आलं नाही. पण कुणी म्हणजे कोण? आमच्या कारखान्यात क्लोरीनचे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर असायचे, एकेक नऊशे किलोचा. मला माहीत होतं. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत सरकतो, त्यामुळे तळमजल्यावर थांबायचं नाही, वर जायचं, हेही माहीत होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी पाण्याच्या टाकीबद्दल तावातावाने बोलायचो. टनरबद्दल एकदाही बोललो नाही. आणि मॉक ड्रिलचं रजिस्टर? त्यावर माझ्या सह्या आहेत. एकदा नाही, अनेकदा. ऑडिटच्या आदल्या दिवशी सेफ्टीवाला रजिस्टर घेऊन टेबलाशी यायचा, “साहेब, तेवढं करून टाका.” मी मागच्या तारखा टाकून करून टाकायचो. चहा यायचा. सायरन मात्र वाजलेला नसायचा.

म्हणून जबाबदारी कुणाची असं विचारलं की मी मालकाकडे बोट दाखवतोच. नफा त्याचा, भांडं त्याचं, ब्राइनचा पंप दुरुस्त करायचा की नाही हा निर्णयही त्याचाच. माझी सही त्याच्या जबाबदारीतून काही वजा करत नाही. पण ती होती.

आता, जात का नाही. गेल्या वर्षी एजंटला बोलावलं होतं. त्याला म्हटलं, गिऱ्हाईकाला वासाचं आधीच सांगा. तो म्हणाला, “काका, वासाचं कोणी विचारत नाही. पाणी किती वेळ येतं ते विचारतात.” एक जोडपं बघून गेलं, बाई पाच-सहा महिन्यांची गरोदर. खिडकीतून चिमणी दिसत होती, त्यांनी विचारलंही नाही. मी गेलो तर इथला धोका माझ्याबरोबर येत नाही, तो त्या बाईच्या नावावर करून देऊन जायचं असतं. हे ऐकून मेहुणा म्हणतो, “म्हणजे तुम्ही संत झालात!” नाही हो. भावही पडलेला आहे, तेवढ्यात बदलापूरच्या पुढेच मिळेल.

कारखानेच हलवणार, असं २०२२ पासून ऐकतोय. पाताळगंगेला म्हणे. तिथे गावं नाहीत का?

मी एवढंच केलं. वहीच्या पानावर दहा ओळी लिहिल्या. अंडं कुजल्यासारखा वास आला तर काय, डोळे चुरचुरले तर काय, ओला पंचा नाकाला कसा धरायचा, वाऱ्याच्या दिशेने धावायचं नाही, वाऱ्याला आडवं जायचं. पान सोसायटीच्या फलकावर लावलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी काढून माझ्या हातात दिलं. “काका, गिऱ्हाईकं येतात बघायला.” त्यांचंही घर विकायला आहे. मग ते मी आमच्याच दाराला आतून चिकटवलं.

या मे महिन्यात मेहुणा चपला घालता घालता ते वाचत उभा राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, “आडवं म्हणजे नक्की कुठं? आत्ता वारा कुठला आहे?” आम्ही दोघं गॅलरीत गेलो आणि वाळत घातलेला टॉवेल कुठे झुकतोय ते बघत थांबलो.