गाळूबाई टिकली, आणि लोणबाचा जन्म

मी भिंतीवर चुन्यात रंगवलेल्या गाळूबाईचा पदर टिकला. पाऊस संपला, भिंत सुकायला लागली, दिवाळीनंतरचं कोरडं वारं सुटलं, तरी पदराचा निळा जागचा हललेला नाही. हात फिरवला की बोटाला थोडी भुकटी लागते, चुन्याच्या कामाला तेवढी लागणारच. याच जागी गेल्या हिवाळ्यात इमल्शन रंगाचे ताटलीएवढे पोपडे सुटले होते आणि बाईंचा चेहरा नाकाखाली उरला नव्हता. ते फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना मी आज इतका खूश का आहे ते वेगळं सांगायला नको.

नव्यांसाठी थोडक्यात. माझ्या पात्रांचं गाव म्हणजे ‘नळाखालचं गाव’. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत नुसत्या उतारावर पाणी आणलं. त्या नळाच्या वाटेवर उच्छ्वास बांधले, हवेचा दाब सुटावा आणि गाळ खाली बसावा म्हणून, आणि पेठांमधून हौद भरले. त्या नळात, उच्छ्वासांत आणि हौदांत राहणारी माणसं मी रंगवतो. दमाजी उच्छ्वासात बसून नळाचा दम सांभाळतो. गाळूबाई तळाचा गाळ उपसते आणि वर कोण काय हरवतं त्याचा हिशोब ठेवते. तोटी सगळ्यांत धाकटी. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पुराबरोबर यांच्यातले काही वर आले आणि पाणी ओसरल्यावर परत जायची वाट त्यांना सापडली नाही. ते अजून पेठांच्या भिंतींवर थांबलेत. मी भिंतीवर जे काही काढतो ते या थांबलेल्यांचं आहे.

आता लोणा, म्हणजे ओल्या भिंतीवर फुटणारा पांढरा खार.

भिंत नागझरीच्या बाजूच्या गल्लीतली, जुन्या वाड्याची मागची. मूळ बांधकाम विटा आणि चुन्याचं. खालच्या मीटरभर भागावर नंतर कधीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला. ओल कुठून येते हे आधी नक्की करायला हवं होतं. पॉलिथिनचा चौकोन चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवला. सकाळी थेंब आतल्या बाजूला होते, म्हणजे ओल हवेतली नाही, भिंतीतली. जमिनीतलं पाणी विटांतून वर चढतं आणि येताना क्षार घेऊन येतं. पृष्ठभागावर पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते वाढतात. भिंत उघडी असेल तर पांढरी लव बाहेर येते. वर इमल्शनचा पापुद्रा असेल तर स्फटिक त्याच्या पाठीमागे वाढतात आणि त्याला ढकलून देतात. रंग कितीही भारीतला घ्या, मागून ढकललं की तो सुटणार. त्यात खालच्या सिमेंटने पाण्याची बाहेर पडायची वाट अडवलेली, म्हणून ते आणखी वर चढायचं. सर्वांत जाड लोणा बरोबर सिमेंटच्या वरच्या काठाला होता, आणि नेमका तिथेच बाईंचा चेहरा.

ओल थांबवणारं म्हणून दुकानात छातीठोकपणे जे खपवतात ते कोटिंगही लावून झालं होतं. ज्या बाजूने पाणी येतं त्या बाजूने ते लावता आलं तर ठीक. आपण चित्रवाले कायम उलट्या बाजूला असतो, तिथे त्याचा उपयोग शून्य. डबा महाग होता आणि दोन महिन्यांत तोही पापुद्र्यासकट खाली आला. माझं मत पक्कं झालंय: ओल्या जुन्या भिंतीवर पापुद्रा धरणारी कुठलीही वस्तू लावू नका.

आधी क्षार काढले. लव चिमटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकलं. फसफसली नाही, म्हणजे कार्बोनेट नव्हे, पाण्यात विरघळणारे क्षार. ही आनंदाची बातमी होती, कारण जे विरघळतं ते ओढून काढता येतं. लव कोरडीच झाडायची, नरम ब्रशने, खाली कागद धरून. पाइप लावून भिंत धुतलीत तर सगळे क्षार परत आत जातात. झाडून झाल्यावर टिश्यू पेपरचा लगदा केला, बॅटरीत घालतात त्या पाण्यात, आणि तो भिंतीवर बोटभर जाडीचा थापला. नळाचं पाणी वापरलं असतं तर त्यातले क्षार वर आणखी. लगदा सुकताना भिंतीतलं खारं पाणी स्वतःकडे ओढतो आणि क्षार त्याच्यात अडकतात. पहिला थर कडक होऊन पापडासारखा निघाला, मागची बाजू चमचमणारी. पुढचे थर मऊ निघत गेले. शेवटचा निघाला तेव्हा त्याच्या मागे काहीच नव्हतं आणि मी गल्लीतच ओरडलो.

मग सिमेंट. वाड्याच्या काकांना विचारलं, “काका, खालचा गिलावा काढू का?”

“अरे, तो मारायला मी गवंड्याला पैसे मोजलेत.”

त्यांना लगद्याचे सुकलेले तुकडे दाखवले, ओल कुठवर चढते ते दाखवलं. त्यांनी भिंतीवर हात बराच वर नेला आणि म्हणाले, “पानशेतचं पाणी इथवर होतं. तेव्हा ही भिंत पडली नाही, आता ओलीने काय पडतेय.” थोड्या वेळाने म्हणाले, “काढ. पण डावीकडचाच. उजवीकडे माझी स्कूटर असते, तिथे धूळ नको. आणि पावसाआधी उघडी टाकून पळालास तर घरी येऊन तुझ्या आईला सांगेन.”

म्हणून अर्धीच भिंत मोकळी झाली. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

डाव्या भागावर चुना-वाळूचा नवा गिलावा, एकास तीन. वाळू चाळून घेतली. ओळखीच्या एका जुन्या गवंड्यांनी थर किती जाड ठेवायचा ते हातात थापी देऊन दाखवलं. त्यांचा एकच आग्रह: घाई नको. ओलं गोणपाट टांगून ठेवायचं, ऊन थेट लागू द्यायचं नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगड होतो, आणि त्यासाठी त्याला ओल आणि वेळ दोन्ही लागतं. फटाफट सुकवला की भुगा.

चुना कळीचाच घ्या, म्हणजे न भिजवलेल्या खड्यांचा. मी बोहरी आळीतून आणला. पोत्यात मिळणारी फक्की कबड्डीच्या मैदानावर रेघा मारायला उत्तम, पण पोतं जुनं असेल तर ती आधीच हवा खाऊन बसलेली असते आणि भिंत धरत नाही. कळी भिजवताना पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलट करायचं नाही, उकळून अंगावर उडतं. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, याला पर्याय नाही. भिजलेला चुना पाण्याखाली नुसता ठेवून दिला, जितका जुना तितका लोण्यासारखा होतो. मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून दुधाइतका पातळ केला.

त्यात काय घालायचं यावर प्रत्येकाचा वेगळा धर्म आहे. सफेदीत मीठ घालायची पद्धत जुनी आहे, पण आपण ज्या भिंतीतून क्षार ओढून काढले तिथे मीठ घालणं म्हणजे सगळी मेहनत वाया. फेव्हिकॉल नको, पुन्हा पापुद्रा. मी साय काढलेलं दूध घातलं, लिटरभर चुन्याला अर्धी वाटी. दुधातलं केसीन चुन्याशी जमून घट्ट पकडतं आणि भिंतीची वाट अडवत नाही.

रंगांची यादी छोटी झाली आणि मला ती फार आवडली. गेरू, पिवडी, भुकटीची नीळ, क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा, काजळी. चुना फार तीव्र असतो, त्यात सगळे रंग जगत नाहीत. प्रशियन ब्लू घालाल तर तपकिरी पडेल. नीळ घेताना अल्ट्रामरीनची भुकटी बघून घ्या, बाटलीतली पातळ नीळ इथे कामाची नाही. काजळी पाण्यावर तरंगत राहते, आधी स्पिरिटच्या चार थेंबांत घोटली की गपगुमान मिसळते.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते. चुन्याचा हात ओला असतानाच, नुसत्या पाण्यात घोटलेल्या गेरूने मी गाळूबाईच्या नाकाची रेघ ओढली. ब्रश बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांचा, लांब केसांचा. रेघ ओढली तेव्हा ती चकाकत होती, काळपट लाल. मी हललो नाही. वरून खाली चकाकी विझत आली, रेघ आत उतरली, मग कडेचा चुना पांढरा होत गेला आणि रेघ त्याच्यात रुतल्यासारखी दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून बघितलं. गेली नाही. स्प्रेच्या कॅनमधून मला इतकी वर्षं कधीच अशी रेघ मिळाली नव्हती. कॅनची रेघ भिंतीच्या वर बसते.

कॅनवाल्यांशी भांडण नाही. स्किनी कॅपने, म्हणजे बारीक रेघेच्या नोझलने, मी आजही सही मारतो. पण ज्यांना वाटतं की कॅन नाही तर स्ट्रीट आर्ट नाही, त्यांनी साओ पावलोच्या ओस जेमिओस या जुळ्या भावांकडे बघावं. स्प्रे परवडत नव्हता तेव्हा त्यांनी घरं रंगवायचा लेटेक्स आणि रोलर उचलला, आणि त्यातून त्यांची ती पिवळी माणसं आणि त्रित्रेझ नावाचं अख्खं जग उभं राहिलं. हाताला जे मिळतं तेच पात्रांचं अंग ठरवतं. माझ्याकडे कळीचा चुना आहे.

मी कुठल्या आर्ट स्कूलला गेलेलो नाही. बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांच्या पाठीशी उभं राहून रेघ शिकलो, फ्लेक्स आला तोवर. त्यामुळे चांगलं चित्र कशाला म्हणायचं याचे माझे नियम भिंतींनीच दिलेत. वहीत पात्र ठरवून मग त्याच्यासाठी जागा शोधत मी फिरत नाही. आधी भिंतीत काय बिघडलंय ते बघतो. दमाजी निघाला तो भिंतीतून बाहेर आलेल्या तुटक्या पाइपातून, त्याचं तोंड म्हणजे तो पाइप. तोटीच्या दोन्ही वेण्या गंजाच्या ओघळांवर काढल्यात, ओघळ नसते तर वेण्या नसत्या. गावातल्या कुणालाही पाय नाहीत कारण ते पाण्यात राहतात, आणि डोळे मोठे कारण खाली अंधार आहे. पेशवेकालीन दगडावर, हौदांवर, उच्छ्वासांवर एक थेंबही टाकायचा नाही. बाहुलीचा हौद डॉ. विश्राम घोल्यांनी आपल्या लेकीच्या आठवणीत बांधला. अशा जागेवर माझी माणसं चढवायचा मला हक्क नाही. ती आजूबाजूच्या साध्या भिंतींवर राहतील, घरमालकाला विचारून.

इथवर लिहिताना डोक्यात होतं की उजव्या अर्ध्या भागावरही लगदा लावायचा, काकांना स्कूटरसाठी दुसरी जागा शोधून द्यायची, तिथलं सिमेंट काढायचं आणि गाळूबाईचा पदर पूर्ण करायचा. आता तसं करणार नाही.

पाइपाला तोंड केलं, गंजाला वेणी केली, आणि लोणा मात्र मी शत्रू धरून बसलो होतो. उजवीकडच्या सिमेंटच्या काठाला या आठवड्यात नवी लव आली आहे, चांगली दोन बोटं लांब, एका रेषेत. ती दाढी आहे. गावातला म्हातारा, गाळूबाईचा थोरला भाऊ, लोणबा. तो 61 ला वर आला आणि त्याच्यातलं पाणी उडून गेलं, खार तेवढा राहिला. पावसात दाढी विरघळते आणि तो दिसेनासा होतो. पाऊस संपून भिंत सुकायला लागली की परत उगवते, म्हणजे बरोबर भाऊबीजेच्या सुमारास, बहिणीच्या शेजारी. दाढी मी रंगवणारच नाही. भिंत दर वर्षी स्वतः काढेल. मला फक्त तिच्या वरचा चेहरा काढायचाय, हनुवटी बरोबर सिमेंटच्या काठावर येईल असा, आणि ओवाळणीचं ताट गाळूबाईच्या हातात द्यायचं. तिच्या हातातलं फावडं आज मोकळं झालं. तिथला चुन्याचा हात अजून कोवळा आहे, वरून आणखी हात घेऊन ताट बसवता येईल.

अडचण एकच. पांढरी दाढी दिसायला मागे गडद जागा हवी, आणि चुन्यात गडद मिळतच नाही. कितीही गेरू घाला, सुकला की गुलाबी. जास्त घातला तर चुना त्याला धरत नाही, भुकटी होऊन गळतो. सिमेंट तसंच ठेवलं तर सुकल्यावर करडं, त्याच्यावर दाढी फिकी पडते. तेलरंग, इमल्शन बाद, त्यांच्या मागे लव वाढेल आणि पोपडे परत सुरू. सध्या चुना वगळून नुसत्या केसीनमध्ये गेरू आणि काजळी घोटून बघतोय. दूध फाडून, चोथा धुऊन, चिमूटभर चुन्याने विरघळवायचा आणि त्यात रंग. घरच्या विटेवरचा नमुना गडद आलाय, पण पावसात तो किती धरेल हे विटेवर कळत नाही. दुसरा पर्याय पोटॅशियम सिलिकेटच्या रंगाचा, वाफ अडवत नाही आणि रंग गडद ठेवतो. पण एका मीटरच्या दाढीसाठी अख्खं ड्रम कोण देणार? बोहरी आळीत विचारून झालं, सोमवारी भोसरीकडे एक चक्कर टाकतो.

केसीनमध्ये गडद रंग बाहेरच्या भिंतीवर, पूर्ण पावसाळा काढून कुणी टिकवला असेल तर मला प्रमाण हवंय: चोथा किती, चुना किती, रंग किती. काकांची स्कूटर जागेवरच राहील असं त्यांना सांगून झालंय.