यंत्राच्या ठेक्यावर: गॉडफ्लेशच्या वाटेवरील चौदाव्या महिन्याची नोंद

परवा रात्री 'हिम्स' या २००१ सालच्या अल्बममधील पहिल्या गाण्याचा बेस मला प्रथमच न अडखळता अखेरपर्यंत वाजवता आला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेश या इंडस्ट्रियल मेटल बँडचे अल्बम प्रकाशनाच्या क्रमाने घ्यायचे, प्रत्येकातील किमान एका गाण्याचा बेस आणि गिटार बसवायची आणि जिथे ड्रम मशीन (ड्रमचे ठोके आपोआप वाजवणारे यंत्र) आहे तिथे तिचा ठेकाही स्वतःच रचायचा, असे ठरवून मी हा अभ्यास सुरू केला, त्याला आता चौदा महिने झाले. मागच्या नोंदीनंतर बऱ्याच गोष्टी जागेवर आल्या आहेत आणि आरंभीच्या काही समजुती मला साफ बदलाव्या लागल्या आहेत, म्हणून ही नोंद नेहमीपेक्षा मोठी होत आहे.

ज्यांनी मधूनच वाचायला सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी बँडची जडणघडण थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्याशी निगडित आहे. जी. सी. ग्रीन हा बेसवादक आणि पॉल नेव्हिल हा गिटारवादक १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात बर्मिंगहॅममध्ये एकत्र वाजवत होते आणि जस्टिन ब्रॉडरिक हा त्यांच्याहून लहान मुलगा त्यांना येऊन मिळाला. या तिघांच्या बँडचे नाव 'फॉल ऑफ बिकॉज' होते; ते त्यांनी किलिंग जोक या बँडच्या १९८१ मधील एका गाण्यावरून घेतले होते. ब्रॉडरिक त्यात ड्रम वाजवत असे आणि गातही असे. त्यानंतर तो नेपाम डेथ या बँडमध्ये गिटार वाजवू लागला. 'स्कम' या १९८७ च्या अल्बमच्या पहिल्या बाजूवर त्याचीच गिटार आहे. तिथून बाहेर पडून तो हेड ऑफ डेव्हिड या बँडमध्ये पुन्हा ड्रमवर बसला. १९८८ मध्ये त्याने आणि ग्रीनने गॉडफ्लेश उभा केला, तेव्हा त्याने स्वतः गिटार आणि गायन घेतले, ग्रीनने बेस घेतला आणि ड्रमची जागा एका यंत्राला दिली.

या बँडविषयी वाचताना हा तपशील बहुतेकांच्या नजरेतून निसटतो, असे मला वाटते. ड्रमवादक न मिळाल्यामुळे नाइलाजाने यंत्र वापरणारे बँड पुष्कळ होते. इथे मात्र दोन बँडमध्ये ड्रम वाजवलेला माणूस आपणहून ड्रम सोडतो आणि त्या जागी यंत्र बसवतो. माणसाचा हात काय करतो हे त्याला पक्के ठाऊक होते आणि त्याला नेमके तेच नको होते.

मला हे कळायला चार महिने लागले. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये इअरेक कंपनीने काढलेल्या 'स्ट्रीटक्लीनर'वर अलेसिस एचआर-१६ हे ड्रम मशीन आहे. सुरुवातीला मी त्याचे ध्वनिनमुने संगणकावर घेऊन ठेका रचला आणि सवयीने त्यात माणूसपण आणण्याचा प्रयत्न केला: एक स्नेअर (ड्रमचा कडक, तडतडता ठोका) जरा हलका, पुढचा जरा जोरकस, एखादी किक (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा ठोका) केसभर उशिरा. ठेका ऐकायला छान झाला, पण तो गॉडफ्लेशचा राहिला नाही. शेवटी मी सगळे ठोके एकाच जोराचे केले, प्रत्येक ठोका मोजून संगणकाच्या पडद्यावर मात्रांसाठी आखलेल्या रेघेवर नेऊन बसवला आणि लय विलंबितात आणली. तेव्हा कुठे ते ओझे जाणवू लागले. वेगवान मेटलमध्ये भार ठोक्यांच्या संख्येतून येतो, तर इथे तो दोन स्नेअरच्या मधल्या मोकळ्या जागेतून येतो, कारण पुढचा ठोका कधी पडणार हे ऐकणाऱ्याला पक्के माहीत असते आणि तो क्षणभरही पुढे-मागे होणार नाही, हेही माहीत असते.

आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तबल्यावर रियाज केलेल्यांना ही अवस्था लगेच ओळखू येईल. त्या यंत्रावर विलंबित एकताल लावला की दोन मात्रांमधले अंतर किती लांब आहे आणि आपला हात समेकडे किती उतावीळपणे धावतो, हे उघडे पडते. फरक इतकाच की रियाजातले यंत्र तबलजीच्या अनुपस्थितीत त्याची जागा चालवते आणि मैफलीत ते बाजूला ठेवले जाते. गॉडफ्लेशमध्ये यंत्र मंचावर असते आणि दोन माणसांना त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

माझे जुळवून घेणे किती झाले, हे मी रेकॉर्डिंगवरून मोजत आलो आहे. बेसचा आणि किकचा आलेख एकाखाली एक ठेवून मोठा करून पाहिला, तेव्हा पहिल्या महिन्यात माझा बेस सरासरी ३० मिलिसेकंद आधी पडत होता. वेग वाढवला की चूक कमी दिसे आणि संथ केले की ती वाढे. उपाय फार साधा निघाला: स्नेअर पूर्ण विरेपर्यंत पिक तारेला लावायचेच नाही आणि स्ट्रोक फक्त वरून खाली, ब्रिजच्या जवळ घ्यायचा. आता तोच आकडा १० मिलिसेकंदांच्या आत आला आहे.

बेसच्या आवाजाबद्दल तिघा वाचकांनी विचारले होते. गॉडफ्लेशमध्ये रिफ (पुन्हा पुन्हा येणारी मुख्य सुरावट) वाहून नेण्याचे काम बहुधा ग्रीनचा डिस्टॉर्शन लावलेला, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेला बेस करतो आणि ब्रॉडरिकची गिटार त्यावर ओरखडे काढते, फीडबॅक सोडते, बेसूर स्वरांचा थर चढवते. नेहमीच्या मेटलमधील वाटणी इथे उलटी आहे, त्यामुळे गिटार आधी बसवून मागाहून बेस भरू पाहणारा हमखास फसतो. मीही दोन महिने फसलो होतो. सध्या मी बेसचा सिग्नल दोन वाटांनी नेतो: एक वाट स्वच्छ ठेवून तिच्यातील फक्त खालचे स्वर घेतो आणि दुसरीवर डिस्टॉर्शन लावून तिचे खालचे स्वर कापतो. असे केले की आवाज कितीही खरखरीत झाला तरी तळ ढासळत नाही.

यंत्राची हकिगतही सांगायला हवी. सातव्या महिन्यात एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडून मला खरेखुरे एचआर-१६ मिळाले, पण त्याने सोबत ९ व्होल्टचा डीसी अडॅप्टर दिला होता आणि यंत्र काही केल्या नीट सुरू होईना. या यंत्राला ९ व्होल्ट लागतात ते एसी, हे मागच्या बाजूला सॉकेटजवळ छापलेले असते आणि मी ते वाचले नव्हते. ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करणाऱ्या एका कारागिराकडून २३० वरून ९ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर बनवून घेतला, तेव्हा पडदा उजळला. काही बटणे दाबूनही दाद देत नव्हती. ती उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर बहुतेक चालू झाली. संगणकातील नमुने आणि हे यंत्र यांच्या आवाजात फरक आहे का, असे विचाराल तर थोडा आहे. वाजवणाऱ्यावर होणाऱ्या परिणामात मात्र मोठा फरक आहे, कारण यंत्रावर पॅटर्न एकदा लावला की तो मधेच सुधारण्याचा मोह आपोआप संपतो.

'स्ट्रीटक्लीनर'वरील दुसऱ्या गाण्याने मला सर्वांत जास्त शिकवले. एरिक बी आणि रकिम या हिप-हॉप जोडीच्या 'मायक्रोफोन फिएंड'मधील ठेक्याची नक्कल करण्याच्या प्रयत्नातून ते उभे राहिले, असे ब्रॉडरिकने सांगितले आहे. ते वाचल्यावर मी दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकली आणि तोवर मेटलच्या कानाने ऐकलेला तो ठेका मला पहिल्यांदा हिप-हॉपच्या अंगाने डोलताना दिसला. ब्लॅक सॅबथचे गाव, स्वान्ससारख्या बँडचा क्रूर संथपणा आणि न्यू यॉर्कच्या हिप-हॉपचे यंत्र, हे तिन्ही एका विशीतल्या मुलाच्या कानात एकत्र आले, तिथून या बँडचा आवाज निघाला आहे. त्यांना केवळ 'औद्योगिक' म्हणून मोकळे होणारे यातला तिसरा धागा सोडून देतात. १९९२ च्या 'प्युअर'मध्ये तो आणखी ठळक होतो आणि त्या अल्बमवर लूप या बँडच्या रॉबर्ट हॅम्पसनची गिटारही ऐकू येते.

'सेल्फलेस'वर मी फार वेळ दिला नाही. १९९४ चा हा अल्बम अमेरिकेत कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीने काढला, पण विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि तो संबंध तिथेच संपला. शेवटचे गाणे २३ मिनिटांहून लांब आहे. ते मी बसवलेले नाही, केवळ ऐकले आहे.

खरी अडचण १९९६ पासून सुरू झाली. 'साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट'वर ब्रायन मँटिया हा हाडामांसाचा ड्रमवादक आहे. तोवर रेघेवर बसण्याची सवय लावलेला माझा हात तिथे एकदम परका झाला, कारण मँटियाचा ठेका श्वास घेतो, भरणीच्या जागी किंचित पुढे सरकतो आणि पुन्हा मागे टेकतो. पुढे १९९९ च्या 'अस अँड देम'मध्ये बँड 'ड्रम अँड बेस' या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या तुटक, वेगवान ठेक्यांकडे वळला. हा अल्बम मला अजूनही पटलेला नाही: इतक्या ठोक्यांमध्ये ती मोकळी जागा उरत नाही आणि ती नसली की ग्रीनच्या बेसला उभे राहायला जमीनच मिळत नाही. मागच्या नोंदीत मी इथेच अडलो होतो. आता एक गाणे कसेबसे बसवून पुढे सरकलो आहे.

आणि मग 'हिम्स'. इथे टेड पार्सन्स ड्रमवर आहे, म्हणजे ज्या स्वान्सच्या संथपणाने ब्रॉडरिक घडला, त्याच स्वान्समध्ये ड्रम वाजवलेला माणूस. यंत्राच्या जवळ जाणारी स्थिरता आणि तरीही माणसाचा हात, हे दोन्ही त्याच्याकडे असल्यामुळे मँटियाच्या वेळी जमले नव्हते ते इथे जमले. परवा गाणे पूर्ण झाल्यावर मी हेडफोन काढून बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो.

या अल्बमनंतर बँड टिकला नाही. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये ग्रीन बाहेर पडला. त्याच्या जागी किलिंग जोकचा पॉल रेव्हन आला, म्हणजे ज्या बँडच्या गाण्यावरून या मुलांनी आपले पहिले नाव घेतले त्याच बँडचा बेसवादक. पण अमेरिकेच्या दौऱ्याच्या तोंडावर ब्रॉडरिक मनाने पूर्ण कोसळला आणि २००२ च्या एप्रिलमध्ये गॉडफ्लेश विसर्जित झाला. 'हिम्स'च्या शेवटच्या गाण्याचे नाव 'येसू'. तेच नाव घेऊन त्याने नवा, अधिक सुरेल आणि उजेडाकडे झुकलेला बँड सुरू केला.

ब्रॉडरिक आणि ग्रीन २०१० मध्ये फ्रान्सच्या हेलफेस्ट महोत्सवात पुन्हा एकत्र उभे राहिले, तेव्हा सोबत ड्रमवादक नव्हता. यंत्र परत आले होते. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधील रोडबर्न महोत्सवात त्यांनी 'स्ट्रीटक्लीनर' संपूर्ण वाजवला आणि त्याचे ध्वनिमुद्रणही प्रकाशित झाले. ते मी अभ्यासासाठी मूळ अल्बमशेजारी ठेवून ऐकतो: २२ वर्षांत दोघांचे हात बदलले, गळा बदलला, ठेका मात्र जिथल्या तिथे आहे. २०१४ च्या 'अ वर्ल्ड लिट ओन्ली बाय फायर'मध्ये तर हा बँड इतका मोजका आणि कोरडा झाला आहे की मला तो अल्बम 'स्ट्रीटक्लीनर'च्या बरोबरीचा वाटतो. २०१७ मध्ये 'पोस्ट सेल्फ' आला आणि २०२३ मध्ये 'पर्ज'. 'पर्ज'च्या वेळी ब्रॉडरिकने स्वमग्नता आणि आघातोत्तर ताण यांच्या निदानाबद्दल उघडपणे सांगितले आणि हे संगीत आपल्याला त्यापासून तात्पुरती सुटका देते, असेही सांगितले. हे समजल्यावर माझे त्या यंत्राकडे पाहणे बदलले: जो ठोका येणार आहे तो नक्की येणारच, यात काहींना भय वाटत असेल, पण काहींना त्यातच आधार मिळत असावा.

पुढचा टप्पा २०१४ चा आहे. त्या काळात ब्रॉडरिकने आठ तारांची गिटार हाती घेतली. माझ्याकडे सहा तारांचीच आहे, म्हणून जाड तारांचा संच लावून ती खाली उतरवण्याचा विचार आहे. तारा बसण्यासाठी नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा रुंद कराव्या लागतील आणि ते काम मी यापूर्वी कधी केलेले नाही. ज्यांनी केले असेल त्यांनी कानस कोणत्या मापाची वापरली ते कळवावे. तोवर एचआर-१६ वर त्या अल्बममधील पहिल्या गाण्याचा पॅटर्न लावून ठेवला आहे आणि रोज रात्री वीस मिनिटे नुसत्या बेसवर त्याच्याबरोबर वाजवत आहे.